खोडलेली तीन वाक्यं

"ही तीन वाक्यं परत कोणी घातली? कोणी?"

माझी विद्यार्थिनी आमा ओरडत होती. साधंसुधं ओरडणं नव्हे. आमची संपादनाची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती, आणि माझी पक्की समजूत आहे की त्या आवाजानं तळमजल्यावरच्या ग्रंथालयातली पुस्तकं एकेक सेंटिमीटर मागे सरकली. जर्मनीत कचेरीत कुणी ओरडत नाही. इथे माणसाला राग आला की तो पत्र लिहितो, वर तारीख घालतो, संदर्भ क्रमांक टाकतो आणि खाली मैत्रीपूर्ण अभिवादन करून सही ठोकतो. त्यामुळे संगणकांसमोर बसलेली आमची अकरा पोरंपोरी फर्निचरसारखी गप्प झाली.

"पान सात, तिसरा कॉलम! त्यांनी खोडली होती ही वाक्यं, हेर दामले. लाल पेनानं. पट्टी ठेवून!"

हेर म्हणजे जर्मनमधलं 'श्रीयुत', तेव्हा हे माझ्यासाठीच होतं. मी चष्मा शोधला. चष्मा डोक्यावरच होता, तरी शोधला. मग ताजा अंक हातात घेऊन ते पान आयुष्यात पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं वाचलं.

"अरेच्चा," मी म्हणालो, "जुनी फाइल गेलेली दिसते छपाईला."

आमाचा आवाज एकदम खाली आला. "फायलींची नावं तर मीच घातली होती," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मी गप्प राहिलो. फाइल बरोबरच गेली होती. वाक्यं मी घातली होती.

'तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असं दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, तेव्हा मी आनंदानं हो म्हणालो. मी हजारो थापा मारल्या आहेत आणि त्या ऐकून लोक जेवायला थांबलेत. गमती देतो, पोत्यानं देतो. पण सगळ्या रस्त्यांनी शेवटी या एका थापेपाशीच यावं लागेल, हे आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी बारा वर्षं उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं कापणारा. माझी कात्री अशी की लग्नाच्या पत्रिका मी सवयीनं निम्म्या करत असे, आणि एकदा एका आमदाराच्या भाषणाची बातमी कापत कापत फक्त त्यांच्या नावावर आणून ठेवली होती. त्यांना ती फार आवडली. पुढे नीलिमाला, म्हणजे माझ्या बायकोला, हॅनोव्हरला इंजिनिअरची नोकरी लागली आणि मी दोन बॅगा आणि एक निळी पेन्सिल घेऊन तिच्यामागून आलो. तीन वर्षं घर सांभाळलं, भाषा शिकलो, आणि मग रेल्वेनं पाऊण तासावर असलेल्या एका विद्यापीठानं मला शिकवायला घेतलं. अभ्यासक्रम होता आफ्रिका-अभ्यास आणि पत्रकारिता असा जोडीचा.

याला हसू नका. पुण्यात सगळे हसले. "दामले, तुला आफ्रिकन बोलता येतं?" असं मला आजवर निदान चाळीस हजार लोकांनी विचारलं असेल. तर 'आफ्रिकन' अशी भाषा नाही. तिथे भाषा किती आहेत यावरच आमच्या विभागात दोन प्राध्यापक पंधरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आमची मुलं आठवड्याचे तीन दिवस स्वाहिली नाहीतर हौसा शिकत, इतिहास वाचत, कोणत्या देशाची सीमा कोणत्या साहेबानं पट्टीनं आखली ते पाठ करत. उरलेले दोन दिवस माझ्याकडे. बातमी कशी लिहायची, कशी कापायची, मथळा कसा द्यायचा. एवढ्या मोठ्या खंडाबद्दल हत्ती, भूक आणि सूर्यास्त यांच्याशिवाय लिहिता येतं, हे शिकवणं म्हणजे माझं काम.

भिंतीवर मी एक यादी लावली होती. वर लिहिलं होतं 'हद्दपार'. खाली शब्द: सूर्यास्त, ढोल, रंगीबेरंगी बाजार, हसतमुख मुलं, आणि 'आफ्रिकेतल्या एका देशात'. कुठल्या देशात ते लिहा! यातला शब्द ज्यानं वापरला त्यानं त्या दिवशी सगळ्यांना कॉफी करून पाजायची. बव्हेरियाकडचा एक मुलगा होता, त्याच्या लेखणीतून सूर्यास्त काही जाईना. त्यानं वर्षभर कॉफी केली. आज त्याचं स्वतःचं कॅफे आहे. मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवा.

एकदा एका वर्तमानपत्रातून फोन आला. "हे बघा, आम्हाला चार वाजेपर्यंत एक आफ्रिकन हवाय. प्रतिक्रियेसाठी."

"कुठला?"

"कुठलाही."

"मी पुण्याचा आहे. चालेल?"

मग तो विचारात पडून म्हणाला, "ते किनाऱ्याकडे येतं का?"

मी दिली प्रतिक्रिया. छापूनही आली. ते कात्रण माझ्याकडे होतं, भाड्याचं घर बदलताना हरवलं.

तर आमा. जन्म हॅनोव्हरचा, आईवडील घानाचे, वडील बसचालक. जर्मन अशी बोलायची की बातम्या देणाऱ्या बाईनं तिच्याकडे शिकवणी लावावी. पण तिची खरी ताकद कानात होती. माणूस बोलायचा थांबला की बाकीची पोरं घाईनं पुढचा प्रश्न विचारत. आमा थांबायची. ती थांबली की समोरच्याला राहवत नसे. हॅनोव्हरच्या एका दैनिकात पदवीनंतर दोन वर्षांच्या उमेदवारीसाठी तिची निवड झालेली होती. पन्नासांत एकाची होते अशी.

आमच्या वार्षिक अंकासाठी तिनं तिच्या चर्चमधल्या, घानाहूनच आलेल्या एका वृद्ध गृहस्थांची मुलाखत घ्यायचं ठरवलं. ती त्यांना अंकल म्हणायची, आपण काका म्हणतो तसं, नात्याशिवाय. मी त्यांना हेर ओवुसु म्हणतो. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि त्यांच्या गावाचं नाव तर मी सांगतच नाही. ते मोटारींच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झाले होते. मीही तिच्याबरोबर गेलो. विद्यार्थ्यांबरोबर जायची गरज नसते, पण ते भुईमुगाचं सूप करणार आहेत असं कळलं होतं.

दार उघडलं आणि दाराची चौकट दिसेनाशी झाली. साडेसहा फूट, म्हणजे इथल्या मापात दोन मीटर माणूस! स्वतःच्या घरात मान वाकवून फिरत होता. सोफ्यावर बसला तेव्हा सोफ्यानं क्षमा मागितल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. आणि बोलणं? अहो, मला आयुष्यात पहिल्यांदा जोडीचा पहिलवान भेटला.

"यंत्र बंद पडलं," हेर ओवुसु म्हणाले, "की इंजिनिअर लोक मॅन्युअल उघडायचे. मी यंत्राला नुसता कान लावायचो."

"आमच्या पुण्यात," मी म्हणालो, "छपाईचं मशीन माझ्या आवाजानं सुरू व्हायचं."

"मग बंद कशानं व्हायचं?"

"बायकोच्या."

ते इतके हसले की वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यानं काठी आपटली. दोन तास आम्ही एकमेकांवर अशा चढाया करत होतो आणि आमा रेकॉर्डर समोर ठेवून शांत बसली होती. सूप संपलं. आम्हीही संपलो. मग तिनं विचारलं, "अंकल, इथल्या कामाबद्दल गावी काय सांगितलं होतं तुम्ही?"

आणि थांबली.

हेर ओवुसुंनी हातातला चमचा टेबलावर नीट सरळ ठेवला. तीन वाक्यं बोलले. त्यात गुन्हा नव्हता, बाई नव्हती, कुणाची फसवणूक नव्हती. तुम्हाला सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढंच? पण तीस वर्षं ती गावात कुणाला माहीत नव्हती, आणि गावातली त्यांची सगळी पत त्या तीन वाक्यांच्या न बोलण्यावर उभी होती. ती मी इथे लिहिणार नाही. एकदा छापली ती पुरे झालं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जर्मनीत प्रश्नोत्तरांची मुलाखत छापायच्या आधी मजकूर त्या माणसाकडे पाठवतात. तो वाचतो, स्वतःच्या बोलण्यातलं नको ते खोडतो, मग छापतात. याला इथे ऑटोरिझिअरुंग म्हणतात. पुण्याच्या डेस्कवर आम्ही ऐकलं असतं तर चहा नाकातून आला असता. बोललास ना? मग झालं! मंत्री दुसऱ्या दिवशी 'मी असं बोललोच नाही' म्हणायला मोकळा, आम्ही छापायला मोकळे. इतकी वर्षं हा नियम मी वर्गात शिकवला, पण मनातून तो मला कधी पटला नाही. मंत्र्यांचे सचिव खोडखोडून मुलाखतीचा भात करतात, हे खरंच आहे. पण तो नियम साध्या माणसालाही मिळायला हवा, असा आमाचा आग्रह. "प्रोफेसरांना पाठवता आणि कामगाराला नाही, असं कसं?" ती म्हणायची. तिनं हेर ओवुसुंना वचन दिलं होतं. तुमचं वाक्य तुमचंच राहील.

मजकूर टपालानं परत आला. तीन वाक्यांवर लाल रेघा, पट्टी ठेवून मारलेल्या, दुतर्फा सारखं अंतर सोडून. खाली सुवाच्य अक्षरात: 'बाकी छापायला माझी हरकत नाही.'

आमानं वाक्यं काढली, नवी फाइल केली आणि परीक्षेला गेली.

त्याच आठवड्यात आमचा अभ्यासक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला बाहेरून समिती येणार होती. आमच्या विभागप्रमुख फ्राऊ लिंडेमान, पाच फुटांच्या, स्वाहिलीत स्वप्नं पाहणाऱ्या बाई, माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "हेर दामले, त्यांच्या मते आपण इथे गाणी आणि लोककथा शिकवतो. तुमचा अंक त्यांच्या हातात द्यायचाय. काहीतरी असं असू दे की ते गप्प बसतील."

दुपारची वेळ. खोलीत मी एकटा. पान सातवर तीन ओळींची मोकळी जागा. ती भरायला एक छोटं चित्र पुरलं असतं. मी ती मुलाखत पुन्हा वाचली. काय सांगू, नुसत्या बढाया! कान लावून दुरुस्त केलेली यंत्रं, मान वाकवून सलाम करणारे मॅनेजर. मला बढाई लांबून ओळखू येते, घरचीच आहे. आणि त्या सगळ्यात तीनच वाक्यं अशी होती की वाचणाऱ्याचा हात थांबावा. डेस्कवरचा माणूस मी. चांगलं वाक्य केराच्या टोपलीत पडलेलं मला बघवत नाही. साठ प्रती तर छापायच्या, कोण वाचतंय?

जुन्या फाइलीतून उचलली, नव्यात ठेवली. चार बटणं दाबायचं काम. काळीज धडधडलं वगैरे म्हणालो असतो, पण तसं काही झालं नाही. उलट पान भरल्यावर बरं वाटलं.

समितीच्या अध्यक्षांनी नेमकी तीच वाक्यं मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. यासाठीच असा अभ्यासक्रम हवा." आम्हाला आणखी दोन वर्षं मिळाली. फ्राऊ लिंडेमान यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

पण अंक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही चढतो, हे मी विसरलो होतो. म्हणजे, विसरलो असं आजवर म्हणत आलो. चर्चमधल्या कुणाच्या तरी भाच्यानं त्या पानाचा फोटो काढून कौतुकानं पुढे पाठवला. दहा दिवसांत तो गावात पोचला. यंत्रानं भाषांतर केलेली ती तीन वाक्यं हेर ओवुसुंच्या बहिणीनं त्यांना फोनवर वाचून दाखवली. "हे तूच बोललास का?" एवढंच तिनं विचारलं म्हणे. त्या डिसेंबरात पुतणीच्या साखरपुड्याला घरातला थोरला म्हणून मधल्या खुर्चीत त्यांनी बसायचं होतं. ते गेले नाहीत. धाकटा भाऊ बसला.

मी त्यांना भेटायला गेलो. आमा आधीच जाऊन आली होती; तिनं 'माझ्या फायलींचा गोंधळ झाला' असं सांगून माफी मागितली होती. म्हणजे रस्ता माझ्यासाठी साफ करून ठेवला होता पोरीनं. मी फक्त त्यावरून चाललो.

दार उघडलं, पण अर्धंच. मी जिन्यात उभा. बरोबर नीलिमानं केलेल्या नारळाच्या वड्या.

"हेर ओवुसु, फार वाईट झालं. जुनी फाइल गेली. मशीनचा घोळ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर यंत्रांजवळ काम केलेला माणूस. यंत्र काय करतं आणि माणूस काय करतो, हे त्यांना कान न लावताही कळत होतं.

"हो," ते म्हणाले. "मशीनच."

त्यांनी वड्या घेतल्या, आभार मानले, दार लावलं. आवाज न करता.

वर्ष संपताना आमा प्रबंध द्यायला आली तेव्हा कॉरिडॉरमध्ये भेटली. दैनिकातल्या उमेदवारीला नकार कळवल्याचं सांगितलं.

"वेडी आहेस का? एका फाइलीसाठी?"

"तुमचं वाक्य तुमचंच राहील, असं मी पुन्हा कुणाला सांगणार, हेर दामले? मला साधं फाइलीचं नाव नीट घालता येत नाही."

हाच तो क्षण. कॉरिडॉरमध्ये कुणी नव्हतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं, आणि वाक्यांची मला कधी टंचाई नव्हती. मी म्हणालो, "विचार कर अजून." ती "हो" म्हणाली आणि गेली. आता एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहिते. तिथे म्हणे प्रत्येक वाक्य चारजण तपासतात.

आणि त्या तीन वाक्यांवर मिळवलेली दोन वर्षं? ती संपली. अभ्यासक्रम जागतिक माध्यमसंस्कृती नावाच्या कशात तरी विलीन झाला. स्वाहिलीचे शब्दकोश तळघरात गेले. माझी हद्दपार शब्दांची यादी कुणीतरी सुरीनं खरवडून काढली. तिचा चौकोनी डाग भिंतीवर राहिला होता, मी निवृत्त होईपर्यंत.

हे सगळं मला इतक्या उशिरा का टोचावं? मागच्या उन्हाळ्यात पुण्याला गेलो होतो. सासूबाईंच्या सोसायटीत तळमजल्यावर नावांचा फलक आहे. त्यावर त्यांच्या नावाखाली त्यांनी रंगाऱ्याकडून कधीतरी लिहून घेतलंय: 'जावई: प्रा. दामले, जर्मनी'. रंग उडाला की दर दोन-तीन वर्षांनी नवा देतात. त्या फलकासमोर मी उभा राहिलो आणि ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

म्हणून हेर ओवुसुंच्या तीन वाक्यांच्या जागी ही माझी तीन घ्या. मी कधीही प्रोफेसर नव्हतो. तासांवर शिकवणारा होतो, आणि माझा करार बावीस वेळा, दर सहा महिन्यांनी, नव्यानं होत असे. त्या इमारतीत माझ्या नावाचं दार नव्हतं, झेरॉक्सच्या खोलीत एक फळी होती.

हे लिहून झाल्यावर नीलिमाला वाचायला दिलं. तिनं चष्मा काढला.

"अहो, आई दिवाळी अंक भिंग घेऊन वाचते. जाहिरातींसकट."

"माहीत आहे."

"सत्त्याऐंशीची आहे ती. खोडा की एवढं."

"खोडलं असतं," मी म्हणालो. "पण हेर ओवुसुंची छापली ना मी."

तिनं चष्म्याची घडी करून तो टेबलावर ठेवला. म्हणाली, "मग आधी मी फोन करते तिला. छापलेलं वाचण्यापेक्षा बरं." आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा नियम पाळला. या लेखाचं जर्मन करून आमाला पाठवलं. लिहिलं, की तुझ्या फायलींची नावं बरोबर होती. तुझ्याबद्दलचं आणि हेर ओवुसुंबद्दलचं जे नको असेल ते तुम्ही दोघांनी खोडा. सगळं नको असेल तर सगळं खोडा, मी संपादकांना नाही म्हणून कळवीन. त्यांना वाचून दाखवशील का, असंही विचारलं.

तीन आठवडे काही नाही. रोज सकाळी मी टपालपेटी उघडायचो, मला वाटायचं लाल रेघा टपालानंच येतील. शेवटी आमाची ईमेल आली. वर तारीख, खाली नाव, अभिवादन नाही. तिच्यात एक दुरुस्ती आहे. वरच्या मजकुरात ती मी मुद्दाम केलेली नाही, माझी सवय वाचकांना दिसू दे. ईमेल जशीच्या तशी देतो:

"हेर दामले, वाचलं. अंकलना वाचून दाखवलं. त्यांची उंची एक मीटर अडुसष्ट आहे. बाकी छापायला हरकत नाही."